६९,९०० चा आयफोन की २५ हजारांचा अँड्रॉइड? नाशिकच्या वाचकाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय २८, अंबड एमआयडीसीत नोकरी, हातात ३८ हजार येतात. घरी १५ हजार देतो, बाईकचा हप्ता ३,६००, बाकी खर्च जाऊन महिन्याला साडेचार हजार उरतात. सेव्हिंगला ४५ हजार आहेत. सध्याचा फोन २०२२ चा आहे, बॅटरी दुपारीच मान टाकते आणि वर्षभरात एकही सिक्युरिटी अपडेट आलेला नाही. आयफोन १६ घ्यायचा आहे, दुकानात ६९,९०० सांगतात, क्रेडिट कार्डवर २४ महिने नो कॉस्ट ईएमआय, २,९१२ चा हप्ता. भाऊ म्हणतो २५ हजारातला अँड्रॉइड घे. माझं म्हणणं, आयफोन पाच वर्षं चालतो, रिसेल पण चांगली, म्हणजे शेवटी स्वस्तच पडतो. याआधीचे फोन दोन-अडीच वर्षांतच बदलावे लागले. ट्रेकचे व्हिडिओ इन्स्टावर टाकतो, पुढे त्यातून कमाईही होऊ शकते. आई-बाबा ५५ च्या पुढे आहेत, त्यांचा मेडिक्लेम नाहीये. काय करू?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. आत्ता आयफोन नको, २५ हजारांच्या आतबाहेरचा फोन घ्या, पण तो निवडताना एक गोष्ट नीट बघून घ्या, ती पुढे सांगतो. आणि तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाहीये, त्यात तथ्य आहे, म्हणूनच आकडे मांडून बोलू.

फोनची किंमत वर्षाला किती पडते ते बघायचं, हा तुमचा विचार एकदम बरोबर आहे. समजा आयफोन ६९,९०० ला घेतला, अडॅप्टर (तो बॉक्समध्ये येत नाही), कव्हर, ग्लास आणि मधे एकदा बॅटरी बदलणं असे आठ हजार धरले, आणि पाच वर्षांनी १५ हजाराला विकला. म्हणजे निव्वळ खर्च ६२,९००, वर्षाला १२,५८०. आता २५ हजारांचा फोन, वर दीड हजार कव्हर-ग्लासचे, तीन वर्षांनी चार हजाराला गेला तर वर्षाला ७,५००. रिसेलचे आकडे मी अंदाजाने धरलेत, तुम्ही थोडे वर-खाली करून बघा, चित्र फारसं बदलत नाही. म्हणजे पाच वर्षं वापरूनसुद्धा आयफोन वर्षाला पाच हजारांनी महागच पडतो, स्वस्त पडत नाही, पण फरक दुकानातल्या ४५ हजारांइतका मोठाही राहत नाही, महिन्याला सव्वाचारशेच्या आसपास येतो. ज्याला चांगला कॅमेरा हवाय आणि ज्याच्याकडे पैसे बाजूला पडलेत त्याने महिन्याला सव्वाचारशे जास्त देणं यात मला काहीच चूक दिसत नाही. हौस हा पण खर्चाचा एक रास्त कप्पा आहे.

पण हे सगळं गणित "पाच वर्षं" या दोन शब्दांवर उभं आहे, आणि तुम्हीच लिहिलंय की याआधीचे फोन दोन-अडीच वर्षांत बदलले. तुम्ही म्हणाल ते फोनच तसे होते. असतील. पण तोच आयफोन दोन वर्षांत ३५ हजाराला विकून पुढचा घेतला तर (कव्हर-अडॅप्टरचे तीन हजार धरून) वर्षाला जवळपास १९ हजार पडतात, म्हणजे स्वस्त फोनच्या अडीच पट. रिसेल चांगली असली की माणूस लवकर विकतो, "अजून चांगला भाव येतोय तोवर काढू" असं म्हणत, आणि ज्या गोष्टीमुळे वाचणार होतं तीच गोष्ट खर्च वाढवते. त्यामुळे महागडा फोन घ्यायचा तर तो ओळखीच्यांचे तीन नवीन मॉडेल येऊन गेले तरी वापरायची तयारी पाहिजे.

आता अपडेटचं. "स्वस्त फोन दोन वर्षांत फेकावा लागतो" हे आपण सगळे म्हणायचो आणि बऱ्याच अंशी खरंही होतं. आता तसं सरसकट राहिलेलं नाही. आयफोनची ताकद इथे मान्यच आहे, २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ मध्ये आलेलं आयओएस २६ सुद्धा मिळालं. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलंय. पण तुमच्या बजेटसाठी महत्त्वाचं हे की सॅमसंगने ए२६, ए३६ अशा मॉडेल्सनाही सहा वर्षं अपडेट जाहीर केलेत. तीच ती बघायची गोष्ट. मेगापिक्सेल आणि रॅम सेल्समन न विचारता सांगतो, तुम्ही विचारा की सिक्युरिटी अपडेट कुठल्या वर्षापर्यंत, आणि त्याच्या शब्दावर न जाता कंपनीच्या साइटवर तपासा, कारण त्याच किमतीत दुसऱ्या कंपनीचा फोन निम्म्या वर्षांचंच आश्वासन देत असतो. तुमच्या फोनवर यूपीआय आहे, बँकेचं ॲप आहे, सगळे ओटीपी तिथेच येतात, त्यामुळे वर्षभर अपडेट नसलेला फोन तुम्ही बदलायलाच हवा, यात उशीर नको. सहा वर्षं अपडेट असलेला फोन चार वर्षं जरी वापरला तरी वर्षाचा खर्च सात हजारांच्याही खाली येतो.

रोजच्या वापरात काय कमी पडेल? व्हिडिओ, हे सरळ सांगतो. हलत्या हाताने, संध्याकाळच्या उजेडात काढलेला व्हिडिओ आयफोनवर चांगलाच येतो आणि वर्षानुवर्षं फोन अडखळत नाही. बाकी पेमेंट, मॅप, व्हॉट्सॲप, मॅच बघणं यात काही अडत नाही, उलट आयफोन १६ ची स्क्रीन ६० हर्ट्झची (म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलणारी, आकडा जास्त तितकं स्क्रोलिंग गुळगुळीत) आहे आणि २० हजारांच्या अँड्रॉइडला १२० सहज मिळतात, चार्जिंगही बऱ्याच फोनचं जास्त वेगात होतं.

ट्रेकच्या व्हिडिओतून कमाई होईल असं तुम्ही लिहिलंय. होऊ शकते, मी नाही म्हणत नाही. पण धंद्यासाठी वस्तू घ्यायची तर आधी धंद्याचा पहिला रुपया दिसू दे. जो लग्नाची शूटिंग करतो, किंवा जिच्या केकच्या ऑर्डरी फोटोवरूनच येतात, तिला मी हाच फोन घे म्हणेन, आणि जीएसटी नंबर असेल तर इनपुट क्रेडिटचं (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या जीएसटीतून वजा करणं) सीएला विचार म्हणून सांगेन (६९,९०० मध्ये १८ टक्क्यांनी साडेदहा हजारांच्या वर जीएसटीच असतो). तुमचं अजून तिथवर आलेलं नाही. शिवाय हरिहर गडाच्या त्या उभ्या पायऱ्यांवर एका हातात फोन धरून शूट करताना तो निसटला तर ओरिजिनल स्क्रीनचा खर्च किती, हे सर्व्हिस सेंटरला आत्ताच फोन करून विचारा, दोन्ही मॉडेलचं विचारा. महाग फोन घेतला की त्याची दुरुस्तीही महागच घेतली असं समजायचं.

आता ईएमआय, कारण खरी अडचण मला फोनपेक्षा इथे दिसतेय. शून्य टक्के व्याज दाखवायच्या पद्धतीवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बोट ठेवलं होतं. त्यामुळे कार्डवर नो कॉस्ट म्हणजे बँक व्याज लावतेच, आणि तेवढी सूट कंपनी किंवा दुकानदार आधी देतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच स्टेटमेंटला येतो. १६ टक्के दर धरला तर ६९,९०० वर २४ महिन्यांचं व्याज साधारण १०,४०० होतं, त्यावर जीएसटी १,८७५, आणि प्रोसेसिंग फी १९९ अधिक जीएसटी धरली तर एकवीसशे रुपये जास्त गेले. हे झालं सगळे हप्ते वेळेवर भरले तर. एखाद्या महिन्यात कार्डाचं बिल पूर्ण न भरता मिनिमम ड्यू (बँकेने सांगितलेली किमान रक्कम) भरलंत, तर बाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांचं व्याज चालू होतं, आणि तिथे फोनच्या किमतीचा विषयच बाजूला राहतो.

आणि तो २,९१२ चा आकडा. तुमचे महिन्याला साडेचार हजार उरतात, त्यातले जवळपास दोन तृतीयांश सलग दोन वर्षं त्या हप्त्यात जाणार. दोन वर्षांनी बघा काय होतं: आयफोन घेतला तर ४५ हजारांचे साधारण ८१ हजार होतील, २५ हजारांचा फोन घेतला तर सव्वा लाखाच्या वर. तुमचा महिन्याचा खर्च साडेतेहतीस हजार आहे, म्हणजे नुसता तीन महिन्यांचा इमर्जन्सी फंड म्हणायचा तरी लाख रुपये लागतात, आणि आज त्याचे निम्मेही नाहीत. कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला, बाईक घसरली, घरात कुणी ॲडमिट झालं, यातलं काहीही झालं तरी हप्ता थांबत नाही. प्रीमियम फोन तुमच्यासाठी महाग पडतोय तो या कारणाने. तुमच्याच पगाराच्या पण खात्यात दीड लाख असलेल्या माणसाला मी वेगळं उत्तर दिलं असतं.

मी क्लायंटना एक ठोकताळा सांगतो, फोन तुमच्या सहा महिन्यांच्या खऱ्या बचतीत बसला पाहिजे. पगार किती ते सोडा, उरतात किती ते बघा. साडेचार हजार गुणिले सहा, २७ हजार. भावाचं म्हणणं त्यात बसतं, आयफोनला पंधरा-सोळा महिने लागतात.

२५ हजार कुठून द्यायचे? सगळे सेव्हिंगमधून काढू नका, २० हजारावर येऊन बसणं मला पटत नाही. याच कार्डवर सहा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय करा, ४,१६७ चा हप्ता येईल, जीएसटी आणि फी धरून सव्वाचारशे-साडेचारशे जास्त जातील, पण ४५ हजार हात न लावता राहतील. तेवढ्यासाठी एवढी किंमत ठीक आहे. फक्त दुकानात आधी विचारा की एकरकमी दिले तर किती कमी होतात, कारण बऱ्याचदा कॅश डिस्काउंट ईएमआयवर मिळत नाही. तो दोन हजारांच्या वर असेल तर निम्मे-निम्मे करून मार्ग काढता येतो का बघा. आणि काउंटरवर बिलात प्रोटेक्शन प्लॅन टाकतात तो न विचारता टाकला असेल तर काढायला लावा. तुम्ही ट्रेकला जाता म्हणून स्क्रीनचा प्लॅन घ्यावासा वाटला तर घ्या, पण अटी वाचून, त्यात डॅमेजचं पहिलं किती तुम्ही भरायचं ते बघून.

सातव्या महिन्यापासून तोच साडेचार हजारांचा आरडी लावा, पगाराच्या दुसऱ्या दिवशीची तारीख टाकून. वर्षभरात फंड लाखाजवळ येतो. नंतर त्यातच फोनचे वेगळे जमवायचे असतील तर जमवा, आणि तेव्हाही आयफोनच हवासा वाटला तर सप्टेंबरपर्यंत थांबून आदल्या वर्षीचं मॉडेल बघा. २०२४ ला आयफोन १५ आणि २०२५ ला आयफोन १६, दोन्ही नवीन मॉडेल आल्यावर ७९,९०० वरून ६९,९०० वर आले होते.

एक काम मात्र फोनच्या आधी करा. आई-बाबांच्या मेडिक्लेमचे क्वोट याच आठवड्यात काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (घरातल्या सगळ्यांना मिळून एकच कव्हर) हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, फोनवरचा १८ तसाच आहे. शुगर, बीपी काही असेल तर फॉर्ममध्ये न लपवता लिहा, वेटिंग पिरियड (आधीच्या आजाराचा क्लेम मिळायला थांबावं लागतं तो काळ) किती आहे ते विचारा, आणि प्रीमियम किती येतो ते मला कळवा. तो आकडा बघून आरडी साडेचारचा ठेवायचा की तीनचा, ते ठरवू.