आजोबांचं लंबकाचं घड्याळ घरी उघडावं की घड्याळजीकडे न्यावं?

आजोबांचं चावीचं भिंतीवरचं घड्याळ पाच वर्षं बंद आहे, व्हिडिओ पाहून स्वतः उघडू की नागपुरात कुणाला दाखवू, असं तुम्ही विचारलंय. मी दोन्ही करून बसलोय. एकाची खूण डाव्या अंगठ्यावर आहे.

आधी एक सोपी परीक्षा करा. चावी द्या, लंबक हलवा आणि डोळे मिटून ऐका. टक-टक समान अंतरावर येतंय की 'टकटक... टकटक' असं लंगडत चाललंय? आमचं अमेरिकन अ‍ॅन्सोनिया कंपनीचं घड्याळ नागपूरच्या महाल भागातल्या घरी व्यवस्थित चालायचं. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आणलं आणि दहा मिनिटांच्या वर चालेना. शेवटी इतवारीतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींना घरी आणलं. त्यांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. कान लावला, पेटीचा खालचा भाग बोटभर उजवीकडे सरकवला, पुन्हा ऐकलं, थोडा परत घेतला. "बिघडलं नाही जी, वाकडं टांगून ठेवलं तुम्ही. आता बोलून राहिलं बघा बरोबर." दोनशे रुपये घेतले. पेटी डोळ्यांना सरळ दिसली पाहिजे असं काही नाही, आवाज सरळ आला पाहिजे, एवढं त्या दिवशी कळलं.

हे काम तुम्ही घरीच करा. वेळ जुळवणंही घरीच. घड्याळ मागे पडत असेल तर लंबकाखालचा नट फिरवून गोळा वर घ्या, पुढे जात असेल तर खाली. पण एकदम जास्त फिरवू नका. वीतभर लांबीच्या लंबकाला पाव मिलिमीटर वर घेतलं तरी दिवसाला जवळपास मिनिटभराचा फरक पडतो. आणि नागपूरकरांसाठी आणखी एक: लंबकाची दांडी लोखंडी असेल तर उन्हाळ्यात ती वाढते. जानेवारीतल्या वीस अंशांवर जुळवलेलं घड्याळ मे महिन्यातल्या पंचेचाळीसला दिवसाकाठी १२ सेकंद मागे पडेल. त्यात बिघाड काही नाही.

लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीला लटकतो ती तुटली असेल तर तीही स्वतः बदलता येते, फक्त जाडी आणि लांबी जुन्यासारखीच हवी. घड्याळ कूलरच्या झोतात टांगलं असेल तर आजच हलवा, दमट हवेनं आतल्या पोलादाला गंज चढतो.

यापुढे मात्र हात आवरा. मशीनच्या दोन पितळी प्लेटांच्या मध्ये जे आहे, ते आपलं नाही. दुसऱ्या घड्याळाच्या वेळी, ते जपानी सेकोशा होतं, मी प्लेटांचे स्क्रू सोडले. एक स्प्रिंग चालीची, दुसरी ठोक्यांची, आणि चालीची पूर्ण भरलेली. उघडण्याआधी चावी घट्ट धरून, स्प्रिंगला अडवून ठेवणारा खटका सोडून ती हळूहळू उतरवायची असते, हे मला माहीत नव्हतं. प्लेट उचलली गेली, चाकं टेबलभर उडाली, एकाचे तीन दात गेले आणि स्प्रिंगच्या पट्टीची कड अंगठ्यात. चूक निस्तरायला अडीच हजार आणि दोन महिने लागले.

"जास्त चावी दिली म्हणून अडकलं," असं घरोघरी म्हणतात. तसं नसतं. बहुतेक वेळा जुनं तेल धुळीत मिसळून चिकट झालेलं असतं आणि भरलेल्या स्प्रिंगलाही चाकं ओढवत नाहीत. अशा वेळी शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. घड्याळ चार दिवस चालतं, मग त्याच धुळीची घासणारी लेई होते आणि चाकांचे आस ज्यात फिरतात ती प्लेटांची भोकं लांबट होतात. मग तिथे बुश, म्हणजे भोकात बसणाऱ्या छोट्या पितळी नळ्या, मारावे लागतात, आणि ते काम लेथवर बसणाऱ्याचंच.

घड्याळजीकडेही डोळे झाकून जाऊ नका. एकानं आमच्या शेजाऱ्यांचं जुनं मशीन काढून आत बॅटरीचं बसवलं आणि तबकडी चकचकीत रंगवून दिली. वरून म्हणे, आता चावीची कटकट नाही! म्हणून देण्याआधी एवढंच विचारा: "पूर्ण खोलून धुणार की वरून तेल सोडणार?" आणि काढलेले भाग परत द्यायला सांगा.

शिकायचीच हौस असेल तर भंगारातून एखादं मेलेलं मशीन आणा आणि त्यावर हात साफ करा. आजोबांचं नको. ते दुकानात नेताना लंबक काढून वेगळा गुंडाळा, पेटी उभी धरा आणि ऑटोत मांडीवर घेऊन बसा. लंबक लटकत ठेवून नेलं तर ती पातळ पट्टी वाटेतच तुटेल.