बॉय बँडची प्रेमगीतं ऐकून मुलीच्या डोक्यात खूळ शिरेल का?

तुमची मुलगी तेरा वर्षांची, दिवसभर कानात इअरफोन आणि त्यात बॉय बँडची, म्हणजे तरुण पोरांच्या गाणाऱ्या चमूंची, प्रेमगीतं. या वयात असलं ऐकून डोक्यात खूळ शिरेल का, असं तुम्ही विचारलंय. शिरतंच की! १९९९ साली मी नववीत होते, बॅकस्ट्रीट बॉइज या अमेरिकन बॉय बँडच्या कॅसेटची टेप गुंतेपर्यंत वाजवलेली आहे. पण ते खूळ तुम्हाला भीती वाटतेय तसलं नसतं.

या गाण्यांतलं प्रेम एकदा नीट ऐका. त्यात घरचे नाहीत, पैसा नाही, उद्याची चिंता नाही. शरीरसुद्धा बेताचंच; हात धरणं, डोळ्यांत बघणं, फार तर मिठी. बॅकस्ट्रीट बॉइजच्याच 'ॲज लाँग ॲज यू लव्ह मी' (१९९७) मधला मुलगा म्हणतो, तू कोण, कुठली, आजवर काय केलंस, मला कशाशी देणंघेणं नाही, तू फक्त माझ्यावर प्रेम कर. गणितात काठावर पास, कपाळावर मुरमं, मैत्रिणीनं बोलणं टाकलेलं, अशा संध्याकाळी हे कुणी कानात येऊन सांगत असेल तर कोण ऐकणार नाही? मुलगा निमित्तमात्र. आपल्याला कुणीतरी निवडलंय, तेही आपण काहीही न करता, यातच सगळी गोडी.

आणि ही गोडी ठरवून घातलेली असते. ते गाणं लिहिलं मॅक्स मार्टिन या स्वीडिश गीतकाराने. त्याच्याही कितीतरी आधी बीटल्सनी सुरुवातीच्या गाण्यांत 'मी' आणि 'तू' मुद्दाम पेरले होते, त्यांच्यातल्याच पॉल मॅकार्टनीने तसं सांगितलंय. 'तू'ची जागा रिकामी, ऐकणारीने तिथे जाऊन बसायचं. गाणारा मात्र मोकळा, म्हणजे बिनलग्नाचा हवा. फेब्रुवारी १९६४ मध्ये एड सुलिव्हनच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात बीटल्समधल्या जॉन लेननचा चेहरा दाखवताना पडद्यावर पाटी आली होती: मुलींनो माफ करा, याचं लग्न झालंय. तेव्हा तो विनोद होता. २०२० मध्ये एक्सो या कोरियन बँडच्या चेनने लग्न जाहीर केलं, तेव्हा काही चाहत्यांनी त्याला बँडमधून काढा म्हणून सोलमध्ये निदर्शनं केली!

मला खुपतं ते वेगळंच. वन डायरेक्शन या बॉय बँडचं २०११ चं पहिलं गाणं, 'व्हॉट मेक्स यू ब्यूटिफुल'. चाल झकास, आजही पाय हलतात. पण म्हणणं काय, तर तू सुंदर आहेस हे तुला ठाऊक नाही, म्हणूनच तू सुंदर. म्हणजे पोरीला कळलं की संपलं? आणि ते सांगायला मुलगाच हवा? याबद्दल मुलीशी जरूर बोला. वाद घालेल, घालू द्या.

बाकी या वयात याहून बिनधोक प्रेमपात्र मिळायचं नाही. तो मेसेज करत नाही, फोटो मागत नाही, नको म्हटल्यावर चिडत नाही. कंटाळा आला की पुढचं गाणं. शिवाय हे एकटीचं प्रकरण नसतंच. आमच्या वर्गात बॅकस्ट्रीट बॉइजमधला कोण कुणाचा याच्या वाटण्या झालेल्या होत्या, त्यातला निक तिघींना हवा होता, आणि त्या भांडणापुढे गाणी मागे पडायची.

तेव्हा पोस्टरवरच्या पोराच्या केसांवरून टोमणे मारू नका, ते जिव्हारी लागतात. तिचा 'बायस', म्हणजे बँडमधला सगळ्यांत लाडका, कोण, एवढंच विचारा. अर्धा तास तरी सुटका नाही, चहा घेऊनच बसा.