क्षुब्ध म्हणजे रागावलेला नव्हे!

प्रश्न असा आलाय की लाट फुटल्यावर समुद्राच्या वरच्या पाण्यात जो टर्ब्युलन्स, म्हणजे पाण्याची वेडीवाकडी, भोवऱ्यांची हालचाल होते, त्याला ‘खळबळ’ म्हणायचं की ‘विक्षोभ’. खळबळ चालेल, त्यावर वेळ घालवत नाही. ‘विक्षोभ’ मात्र कृपा करून नको, हिंदीत वेस्टर्न डिस्टर्बन्सला, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतात पाऊस आणणाऱ्या हवामान-प्रणालीला, ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात आणि आपले चॅनेलवाले तो शब्द तसाच उचलून कुठल्याही वाऱ्यापाण्याला चिकटवतात, ऐकून ऐकून कान किटले.

मुळात नुसत्या लाटेत टर्ब्युलन्स फारसा नसतोच. खोल समुद्रात लाट पुढे जाते पण पाणी गोल फिरून जवळपास जागेवरच परत येतं, म्हणून तर होडी नुसती वरखाली होते. लाटेची उंची तिच्या लांबीच्या (एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतच्या अंतराच्या) साधारण सातव्या हिश्श्यापर्यंत गेली की मग माथा ढासळतो, हवा आत खेचली जाते, बुडबुड्यांनी पाणी पांढरंफेक होतं आणि वरचा थर पार ढवळून निघतो, समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो त्यालाही या बुडबुड्यांचा हातभार लागतो. ही सरळसरळ घुसळण आहे, ताकात रवी फिरवल्यासारखी.

आणि इथेच खरी गंमत आहे! पाणिनीच्या संस्कृत व्याकरणातलं, अष्टाध्यायीतलं 7.2.18 हे सूत्र काढून बघा. ‘क्षुभित’सारखा मधे ‘इ’ घालण्याच्या नियमाबाहेरचे आठ शब्द दिलेत, त्यात पहिलाच ‘क्षुब्ध’ आणि त्याचा अर्थ दिलाय ‘मन्थ’, मंथनातलाच. बाकी सगळीकडे ‘क्षुभित’. म्हणजे पेपरात रोज छापून येणारी ‘क्षुब्ध जनता’ पाणिनीच्या हिशेबाने क्षुभित आहे. आता पाणिनीच्या सूत्रांवर ‘सिद्धान्तकौमुदी’ लिहिणाऱ्या भट्टोजी दीक्षितांनी मन्थाचे अर्थ दोन दिलेत, पातळ पदार्थात कालवलेलं सातूचं पीठ आणि घुसळायचा दांडा, म्हणजे आपली रवीच. काही पंडित त्यातल्या सातूलाच धरून बसतात ते मला अजिबात पटत नाही. अहो, सातू तरी ढवळल्याशिवाय कालवलं जातं का? आधी घुसळणं, मग पेय. माझं तर ठाम मत आहे की क्षुब्धच्या मुळाशी रवीच आहे, आणि समुद्रमंथनाची कथा ज्याला सुचली त्याने फुटणाऱ्या लाटांचा फेस अगदी जवळून बघितला असणार.

तर टर्ब्युलन्सला बिनधास्त ‘घुसळण’ म्हणा. विशेषण हवं असेल तर ‘क्षुब्ध पाणी’ लिहा, पण लाट फुटते तिथल्याच पाण्याला, लांबून नुसत्या उंच लाटा न फुटता येत असतील तर त्या समुद्राला नको.