कंपास खोटं बोलतो का? आणि एक छोटा प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर, खारघरला फ्लॅट बघतोय. ब्रोकर म्हणतो मेन डोअर पूर्वेला आहे, पण मोबाइलचा कंपास सेफ्टी डोअरपाशी एक दाखवतो, हॉलमध्ये दुसरं आणि गॅलरीत ग्रिलजवळ तिसरंच. खरं कुठलं धरायचं? – एक वाचक, घणसोली

उत्तर: फोन बहुतेक ठीकच आहे, ब्रोकरचं मला माहीत नाही. फोनमध्ये सुई नसते, मॅग्नेटोमीटरची बारीक चिप असते, ती आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र मोजते आणि त्यातलं पृथ्वीचं किती न् तुमच्या ग्रिलचं किती हे तिला कळत नाही, दोन्हीची बेरीज जिकडे जाते तिकडे ती उत्तर दिशा दाखवून मोकळी. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे जेमतेम 40 मायक्रोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपास, फ्रिजवरचं साधं मॅग्नेटसुद्धा अगदी जवळून त्याला सहज भारी पडतं. लोखंड स्वतः चुंबक नसलं तरी क्षेत्र आपल्याकडे वळवतं, आणि फ्लॅटमध्ये ग्रिल, दार, स्लॅबच्या सळया, सगळीकडे लोखंडच! त्यामुळे खाली मोकळ्या जागेत, गाड्यांपासून लांब जा, मॅग्नेटवालं कव्हर काढा, फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवा आणि मग बघा. नाहीतर सरळ मॅपवर बिल्डिंग बघा, तिथे उत्तर दिशा वरच असते. (वास्तूचं मला विचारू नका.)

हे दुखणं जुनं आहे बरं का. तारेतून करंट गेला की भोवती क्षेत्र तयार होतं, हे डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडने 1820 मध्येच दाखवलं होतं. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी चालायच्या, पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या बिघडणार हे उघड होतं, म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागला नेलं. ते आजही चालू आहे, आणि ते बघणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला, म्हणजे तुमच्या होणाऱ्या घराजवळच.

प्रश्न: चुंबकाचे दोन तुकडे केले तर एकात फक्त उत्तर ध्रुव येईल का? – आठवीतली वाचक, ठाणे

उत्तर: नाही गं, दोन्ही तुकड्यांना दोन्ही ध्रुव येतात. मुळात चुंबकत्व येतं अणूंमधल्या इलेक्ट्रॉनमुळे, प्रत्येक इलेक्ट्रॉन हाच एक इवलासा चुंबक, मग कितीही बारीक तुकडे कर, जोडी सुटत नाही. एकटा ध्रुव अजून कुणाला सापडलेला नाही. हातोडीने मात्र फोडू नकोस, काळं, ठिसूळ फेराइटवालं असेल तर ठिकऱ्या डोळ्यात जातील.