नऊ हजारांत पेपर, पण त्यावर नावं कुणाची?

पत्र (थोडक्यात): माझी मुलगी एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. विश्वामित्री नदीच्या गाळातल्या जड धातूंवर तिचं डिझर्टेशन आहे. परदेशात पीएच.डी.साठी अर्ज करायचाय, म्हणून त्यातून एक पेपर काढायचाय. एक एजन्सी नऊ हजारांत दहा दिवसांत छापून देते म्हणाली. गाईड सरांनी विभागातल्या आणखी दोघांची नावं घालायला सांगितलीत. जी मैत्रीण नमुने गोळा करायला बरोबर होती, यंत्रावर बसून रीडिंग घेत होती, तिचं नाव मात्र नको म्हणाले. बारा ठिकाणांपैकी एका ठिकाणचं शिसं फार जास्त आलंय, ते 'काढून टाक, ग्राफ बिघडतो' असंही सांगितलंय. सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळणारा मजकूर, २३ टक्के आली. लेक रडकुंडीला आलीय. आम्ही दोघं बँकेतली माणसं, यातलं काही कळत नाही. तिनं ऐकावं का? मी सरांना जाऊन भेटू का?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदा

नमस्कार ताई,

बँकेत काम करता, म्हणजे सहीचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. न बघता व्हाउचरवर सही केली आणि उद्या ऑडिटला घोळ निघाला, तर 'साहेबांनी सांगितलं होतं' हे कुणी ऐकून घेत नाही. पेपरवरचं नाव ही तसलीच सही. तुमच्या लेकीचे चारही प्रश्न शेवटी या एकाच गोष्टीशी येऊन थांबतात.

आधी एजन्सी, कारण तिथं विचार करण्यासारखं काही नाही. पैसे देऊ नका. तुम्ही त्यांचा मेसेज पाठवलात तो मी नीट वाचला. 'यूजीसी केअर लिस्टेड', 'आयएसएसएन असलेलं आंतरराष्ट्रीय जर्नल', 'पब्लिकेशनची गॅरंटी', आणि खाली 'को-ऑथर स्लॉट उपलब्ध'. एकेक घ्या. केअर ही विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसीची) मान्य जर्नलांची यादी, ती आयोगानं फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली. आयएसएसएन हा आठ अंकी ओळख क्रमांक आहे. तो कुठल्याही नियतकालिकाला मिळतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही. गॅरंटी देणारा माणूस सरळ सांगतोय की पेपर कुणी तपासणार नाही, कारण खरं परीक्षण झालं तर नकाराची शक्यता राहतेच. आणि स्लॉट! तुमच्या लेकीनं पुलाखाली उतरून काढलेल्या गाळावर भलत्याच गावातला कुणीतरी पैसे भरून लेखक होणार.

जर्नलला पैसे देणं हे मुळातच वाईट, असंही नाही. मुक्त वाचनासाठी ठेवलेली बरीच चांगली नियतकालिकं पेपर स्वीकारल्यावर शुल्क घेतात, आणि वर्गणीवर चालणाऱ्या अनेकांना काहीच द्यावं लागत नाही. फरक इतकाच की तिथं पैशाची गोष्ट परीक्षणानंतर निघते. नावाजलेल्या प्रकाशकांच्या दारातूनही विकतचा माल आत शिरलाच आहे. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांहून जास्त पेपर मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांहून जास्त एकट्या हिंदावी या प्रकाशनाच्या नियतकालिकांतले होते. मागे घेतलेला पेपर नाहीसा होत नाही. त्यावर 'रिट्रॅक्टेड' असा शिक्का पडतो आणि लेखकाचं नाव शोधलं की तो शिक्क्यासकट वर येतो. परदेशातले प्राध्यापक अर्जदाराचं नाव शोधतातच.

आता नावं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं घालून दिलेला नियम आज इतर विषयांतही मानला जातो. लेखक म्हणवून घ्यायला चार गोष्टी लागतात, आणि चारही लागतात: कामाच्या आखणीत किंवा डेटा मिळवण्यात, तपासण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तो गांभीर्यानं सुधारण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मंजुरी, आणि पेपरमधल्या प्रत्येक गोष्टीबद्दल उत्तर देण्याची तयारी. निव्वळ विभागप्रमुख असणं, निधी आणणं, प्रयोगशाळा वापरू देणं यानं कुणी लेखक होत नाही. त्यांचे आभार मानायचे, तेही नाव घेऊन, मनापासून.

मग मैत्रिणीचं काय? तिनं नुसत्या बाटल्या धरल्या असत्या तर आभारात भागलं असतं. पण ती दिवसभर यंत्रावर होती, स्टँडर्ड (यंत्र जुळवायची, माहीत प्रमाणाची द्रावणं) तयार करत होती, आकडे संशयास्पद वाटले तेव्हा पुन्हा रीडिंग घेत होती असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पहिली अट तिनं पूर्ण केलीय. अशा माणसाला मसुदा वाचायची, सुधारायची संधी द्यायलाच हवी, असं तीच समिती सांगते. मसुदा दाखवायचाच नाही आणि नंतर 'तिनं लिहिलं कुठं?' म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी चलाखी. (बऱ्याचदा ती करणारे विद्यार्थी असतानाच शिकलेले असतात, त्यांच्या गाईडकडून.) लेकीला सांगा, आज मसुदा मैत्रिणीला पाठव आणि तिच्या सूचना लेखी घे.

त्या दोन सरांचं काय करायचं, हे मी इथून ठरवू शकत नाही. त्यातल्या एकानं खरोखर पद्धत सुचवली असेल तर तो लेखक होऊही शकतो. त्यावर सभ्य उपाय आहे. हल्ली बरीच नियतकालिकं कुणी काय केलं याचं निवेदन मागतात. संकल्पना, नमुने, विश्लेषण, लेखन असे रकाने असतात आणि प्रत्येकापुढे नाव लिहायचं. तो कोरा तक्ता लेकीनं सगळ्यांना एकदम मेल करावा: 'जर्नलला हे लागतं, कृपया आपापलं योगदान भरून द्यावं.' वाद घालायचा नाही, आरोप तर नाहीच. रिकामा रकाना बघून बरेच जण आपणहून आभारात जातात. सगळेच जात नाहीत, हेही सांगून ठेवते.

शिशाच्या आकड्यावर मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण यात तिचं खरं काम आहे. जास्त आलेला आकडा चुकीचा असू शकतो. म्हणून आधी वहीत बघायचं. त्या दिवशीचा ब्लँक, म्हणजे गाळ न घालता तपासलेला नमुना, स्वच्छ होता का? त्या ठिकाणचे दोन्ही नमुने जास्त आले की एकच? वाळवून ठेवलेला गाळ शिल्लक असेल तर तो पुन्हा आम्लात विरघळवून, पुन्हा मोजायचा. भांडं नीट धुतलेलं नव्हतं किंवा डायल्यूशनचा (द्रावण पातळ करण्याचा) हिशेब चुकला होता असं सापडलं, तर आकडा वगळायचा आणि का वगळला ते पेपरमध्ये एका वाक्यात लिहायचं. काहीच सापडलं नाही, तर तो आकडा राहील. 'ग्राफ बिघडतो' याला इलाज ग्राफमध्येच आहे. लॉग स्केल (दहाच्या पटीत वाढणारी मोजपट्टी) घ्या, सरासरीबरोबर मध्यकही द्या, त्या ठिकाणासह आणि त्याच्याशिवाय अशी दोन्ही गणितं दाखवा. आणि तिथं नदीला कुठला नाला मिळतो, वर कसली कामं चालतात, हे जाऊन बघा. बारातली ती एकच जागा कदाचित या पेपरची खरी बातमी असेल, आणि आपण तीच पुसायला निघालोय.

आपल्या बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटनं वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा संपादकांनी मूळ म्हणून न स्वीकारलेले पाठही फेकून दिले नाहीत. कुठल्या हस्तलिखितात काय आहे ते पानाच्या तळाशी नोंदवलं, म्हणजे ज्याला निर्णय पटणार नाही त्याला स्वतः ताडून बघता येईल. शिवाय प्रत्येक कांडाच्या संपादकाचं नाव त्याच्या खंडावर आहे. लेकीनं हंसा मेहता लायब्ररीत जाऊन त्यातलं एखादं पान बघावं. विषय वेगळा असला तरी शिस्त हीच.

मूळ नोंदी जपणं हा याचाच भाग. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या यान हेंड्रिक श्योन या भौतिकशास्त्रज्ञाची २००२ मध्ये चौकशी झाली, तेव्हा वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत तोच डेटा पुन्हा वापरलेला सापडला. मूळ फाइल मागितल्या तर त्या पुसलेल्या, प्रयोगाची नीट वहीही नाही. नोकरी गेली आणि पुढे २००४ मध्ये जर्मनीतल्या त्याच्या विद्यापीठानं डॉक्टरेटही काढून घेतली. तेव्हा लेकीची वही, यंत्राच्या प्रिंटआउट आणि एक्सेलची पहिली, हात न लावलेली फाइल दोन जागी ठेवा. एक प्रत घरी.

सिमिलॅरिटीचे २३ टक्के ऐकून घाबरू नका, पण दुर्लक्षही नको. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये डिझर्टेशन सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं. संदर्भसूची, अवतरण चिन्हांतला नीट संदर्भ दिलेला मजकूर आणि प्रमाणित समीकरणं या मोजणीत धरत नाहीत. रिपोर्ट उघडून रंगीत ओळी स्वतः वाचायच्या. रंग कार्यपद्धतीच्या ठरलेल्या वाक्यांवर असेल तर किरकोळ. चर्चेच्या भागात दुसऱ्याचा अख्खा परिच्छेद शब्द फिरवून आला असेल, तर टक्का पाचवर आला तरी ती चोरीच. सॉफ्टवेअरनं शब्द बदलून टक्का उतरवायच्या भानगडीत पडू नये. चॅटजीपीटीकडून इंग्रजी सुधारून घेतलं असेल तर जर्नलचे नियम बघून तसं लिहावं. त्याला लेखक मात्र करता येत नाही, कारण ते कशाचीच जबाबदारी घेऊ शकत नाही. आणि एकाच वेळी दोन जर्नलला पेपर पाठवू नये, एकाचं उत्तर आल्यावरच दुसरीकडे.

अर्जाचं म्हणाल, तर पीएच.डी.ला प्रवेश घेताना छापलेला पेपर हवाच अशी अट बाहेर सहसा नसते. सीव्हीत 'हस्तलिखित तयार होत आहे' एवढं खरं लिहावं आणि डिझर्टेशन जोडावं. मुलाखतीत त्या शिशाच्या आकड्याचं तिनं काय केलं हे ती पाच मिनिटं नीट सांगू शकली, तर विकतच्या पेपरपेक्षा ते कितीतरी जास्त वजनाचं ठरेल.

तुम्ही सरांना भेटू नका, ताई. आई विभागात आली की विषय पेपरचा राहत नाही, मानापमानाचा होतो. लेकीलाच पाठवा, हातात तक्ता आणि फेरतपासणीचे आकडे देऊन. शिफारसपत्र सरांच्या हातात आहे, ही भीती खोटी नाही. म्हणून भाषा नम्रच ठेवायची: 'सर, परीक्षकांनी हा आकडा विचारला तर मी काय उत्तर देऊ?' या प्रश्नावर बहुतेक गाईड स्वतःच पुन्हा विचार करतात. नाहीच ऐकलं, तर पेपर सध्या थांबवावा, डिझर्टेशन सगळ्या बारा आकड्यांसह जमा करावं, आणि शिफारशीसाठी ज्यांनी तिला शिकवलंय अशा दुसऱ्या प्राध्यापकांना आत्ताच, अर्जाची मुदत जवळ यायच्या आत, विचारून ठेवावं.