बँड गे बारमधला, शब्द तुझे, मग तिसरं नाव कोणाचं?

तुझी पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं कोणीतरी पुन्हा टाइप करून टाकलंय असं वाटलं. (वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.) ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी: न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधल्या गे बारमध्ये तिघांचा बँड वाजवतो, शब्द याचे, चाल मैत्रिणीची. आता एक निर्माता करार घेऊन आलाय आणि म्हणतोय की गीतकारांच्या रकान्यात त्याच्या स्वतःच्या भागीदाराचंही नाव घालू, धंद्यात असंच चालतं.

चालतं हे खरं आहे. म्हणूनच सही करू नकोस.

करार नीट वाच, वकील गाठ, गाणी नोंदव हे वर बाकीच्यांनी लिहिलंच आहे, त्यात मी भर घालत नाही. मी वकील नाही. जे सांगतोय ते स्वतः भोगलेलं आणि व्हिलेज पीपल या अमेरिकी डिस्को बँडच्या प्रसिद्ध खटल्याबद्दल वाचलेलं. ते सल्ला म्हणून न घेता वकिलाला विचारायचे प्रश्न म्हणून घे.

आमचं गाणं २००३ साली निघालं. मॅनहॅटनमधल्या देसी गे पार्ट्यांमध्ये तेव्हा तुफान चालायचं. शब्द माझे, चाल एका मित्राची. स्टुडिओवाल्याचा एक नातेवाईक रेकॉर्डिंगच्या वेळी सोफ्यावर बसून चिप्स खायचा. नोंदणी झाली तेव्हा गीतकार-संगीतकार म्हणून तीन नावं निघाली. तिसरं या सोफेवाल्याचं! आमच्या सहीच्या कागदावर ते नव्हतं, प्रकाशकाने, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीने, परस्पर पाठवलेल्या तक्त्यात होतं.

ज्या संस्थेने रॉयल्टी गोळा करून वाटायची तिचं नाव घेत नाही. मी वही, कच्चे कागद, जुन्या ईमेल सगळं घेऊन त्यांच्याकडे गेलो. उत्तर आलं की हिस्सा बदलायचा तर नोंदीतल्या तिघांचीही लेखी संमती आणा. म्हणजे ज्याने फुकटात तिसरा हिस्सा मिळवला त्यानेच तो सोडल्याची सही द्यायची. तो कशाला देतोय? मग म्हणाले, प्रकाशकाला विचारा. प्रकाशक म्हणाला, नोंद त्यांच्याकडे आहे, त्यांना विचारा. दर वेळी फोनवर नवा माणूस, आणि दर वेळी पहिल्यापासून कथा.

शेवटी एकाने आपुलकीने सुचवलं की रीतसर वादाचा अर्ज करून टाका. केला. त्या अर्जाने काय होतं हे त्याने सांगितलं नव्हतं: वाद मिटेपर्यंत त्या गाण्याचे सगळ्यांचे पैसे अडकतात. सोफेवाल्याला फरक पडला नाही, त्याचं पोट त्यावर नव्हतंच. पण चाल लावणाऱ्या मित्राचं घरभाडं त्यातून जायचं. त्याला वाटलं मी मुद्दाम केलं. ते गाणं नेमकं त्याच काळात एका जाहिरातीत लागत होतं. पैशांपेक्षा ती मैत्री गेली याचा राग मला त्या कार्यालयावर अजून आहे. एक वाक्य आधी सांगायला त्यांचं काय जात होतं? असो.

आता तुझ्या कामाचं. व्हिलेज पीपलची गोष्ट पोशाख आणि मिशांपुरती सगळ्यांना माहीत असते. १९७७ साली जाक मोराली आणि आंरी बेलोलो या दोन फ्रेंच निर्मात्यांनी ग्रेनिच व्हिलेजमध्ये फेलिपे रोझला अमेरिकी आदिवासी पोशाखात पाहिलं. तो तिथल्या गे क्लबांत नाचायचा. तिथून कल्पना सुटली: गे क्लबात दिसणारे मर्दानी नमुने, काउबॉय, बांधकाम मजूर, चामडी जाकिटातला बाइकवाला, सैनिक, पोलिस. पहिल्या अल्बमला तर पुरता बँडच नव्हता, आवाज व्हिक्टर विलिसचा. बाकीची माणसं नंतर निवडली, मिशा आणि नाच बघून. विलिस ब्रॉडवेवर काम केलेला गायक, स्वतः गे नाही. दुसऱ्या अल्बमपासून शब्दही त्याचे.

पुढचं भराभर सांगतो. १९७८ च्या शेवटी 'वाय.एम.सी.ए.' हे गाणं आलं, अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर आणि १९७९ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये पहिल्यावर गेलं. 'इन द नेव्ही'च्या चित्रीकरणासाठी अमेरिकी नौदलाने खरंखुरं जहाज दिलं. १९७९ च्या जुलैत शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या विरोधात डिस्कोच्याच तबकड्या स्फोट करून उडवल्या, त्याच वर्षी विलिस बाहेर पडला, १९८० चा त्यांचा सिनेमा आपटला आणि १९८१ मध्ये पोशाख टाकून 'न्यू रोमँटिक' (तेव्हाच्या ब्रिटिश पॉपमधली नटवी फॅशन) अवतारात आलेला अल्बमही कोणी विचारला नाही. मोराली १९९१ मध्ये एड्सने गेला. पुढच्या वर्षी पेट शॉप बॉइज या ब्रिटिश पॉप जोडीने मँचेस्टरच्या हासिएंडा क्लबमध्ये एड्सच्या मदतनिधीसाठी व्हिलेज पीपलचं 'गो वेस्ट' गायलं आणि १९९३ ला त्यांचं ते गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. गाणं दुसऱ्याने गायलं की लेखनाचा वाटा रकान्यातल्या नावांकडे जातो, मंचावर कोण नाचलं याला तिथे किंमत नाही.

आणि त्या रकान्यात तीन नावं होती: मोराली, बेलोलो, विलिस. कराराप्रमाणे विलिसच्या पदरात १२ ते २० टक्के पडत. अमेरिकेत १९७८ पासून लागू असलेल्या कॉपीराइट कायद्यात कलम २०३ आहे. गीतकाराने १९७८ पासून पुढे हक्क देऊन टाकले असले तरी ३५ वर्षांनी तो ते परत मागू शकतो. त्यासाठी आधी नोटीस द्यावी लागते, जास्तीत जास्त दहा आणि कमीत कमी दोन वर्षं आधी. विलिसने २०११ च्या जानेवारीत नोटीस दिली. गाण्यांचे हक्क ज्यांच्याकडे होते ती कंपनी कोर्टात गेली. पहिला मुद्दा असा की तो पगारी लेखक होता, गाणी आमचीच. तो त्यांनी पुढे सोडला. दुसरा असा की सहलेखक असताना एकट्याने रद्द करता येत नाही. २०१२ च्या मे महिन्यात सॅन डिएगोच्या न्यायाधीशांनी सांगितलं की त्याने आपला हिस्सा स्वतंत्र कराराने दिला होता, त्यामुळे तो एकटा परत घेऊ शकतो.

हे वाक्य पुन्हा वाच. स्वतंत्र कराराने. सगळ्यांनी मिळून एकाच कागदावर सही केली असेल, तर रद्द करायला सही करणाऱ्या लेखकांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. तुमच्या कागदावर तू, मैत्रीण आणि भागीदार असे तीन 'लेखक' असले आणि उद्या तुझं तिच्याशी फाटलं, तर तू एकटा काही करू शकत नाहीस. आमचं तेच झालंय. माझं गाणं २०३८ मध्ये सुटू शकतं, नोटीस २०२८ पासून देता येईल, पण त्या मित्राची सही लागणार, आणि तो माझा फोन घेत नाही.

तिसऱ्या नावाचा भाग विलिसच्या खटल्यात पुढे निघाला. बेलोलोचं म्हणणं, आधी फ्रेंच शब्द होते, विलिसने ते इंग्रजीत बसवले. २०१५ मध्ये ज्युरीने ते मानलं नाही. वादातल्या २४ पैकी १३ गाण्यांत बेलोलो लेखक नाही असा निकाल दिला, त्यात 'वाय.एम.सी.ए.' होतं. एक नाव खोडल्यावर विलिसचा परत मिळालेला हिस्सा एकतृतीयांशावरून निम्म्यावर गेला. पण हे व्हायला साडेतीन दशकं, नोटीस, वकील आणि ज्युरी लागली. तुझ्या बाबतीत ते नाव अजून लिहिलंच गेलेलं नाही. आज 'नको' म्हणायला काही खर्च नाही.

शिवाय हे परत मिळालेले हक्क आजवर साधारणपणे फक्त अमेरिकेपुरते मानले गेलेत. परदेशातले हक्क जुन्या करारातच अडकून राहू शकतात. भारतातलं वेगळं आहे: तिथे करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरतं धरलं जातं, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या किंवा ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा करारानेही पूर्ण काढून घेता येत नाही. पण तुझा करार न्यूयॉर्कचा आहे, तिथे हे कामाला येईल असं गृहीत धरू नकोस.

करारात 'वर्क मेड फॉर हायर' (म्हणजे मोबदल्यावर दुसऱ्यासाठी लिहून दिलेलं काम) हे शब्द शोध. दिसले तर ३५ वर्षांचा मार्गही बंद होऊ शकतो, कारण तो दावा टिकला तर कायद्याच्या नजरेत तू लेखकच नाहीस. हे शब्द करारात कुठेही दडवलेले असू शकतात. आणि तालमीनंतर त्याच रात्री एका कागदावर कोणाचे शब्द, कोणाची चाल, किती टक्के हे लिहून दोघांनी सही करा. मैत्री आहे म्हणून लाजू नका. स्वतःलाच ईमेल पाठवून ठेवली की पुरावा झाला असं कोणीतरी वर लिहिलंय. त्याने अमेरिकी कॉपीराइट कार्यालयातल्या नोंदणीची जागा भरून निघत नाही. तिथे अप्रकाशित गाणी दहापर्यंत एकाच अर्जात नोंदवता येतात, लेखक तेच असतील तर.

दुसऱ्या एका प्रतिसादात कोणीतरी विचारलंय की विलिस स्वतःच 'वाय.एम.सी.ए.'बद्दल 'हे गे गाणं नाही' म्हणत फिरतो, मग त्याचं उदाहरण का? बरोबर आहे, म्हणतो. २०२५ च्या जानेवारीत ट्रम्पच्या सोहळ्यात जाऊन गायलाही. मला ते आवडलं नाही. ज्या बारांनी हा बँड उभा केला त्यांच्याबद्दल एक शब्द चांगला बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण कागदाच्या लढाईत माणूस बरोबर होता, आणि तुझा प्रश्न कागदाचा आहे.

बँडचं नाव हा आणखी वेगळा लफडा. 'व्हिलेज पीपल' हे नाव निर्मात्यांच्या कंपनीकडे होतं. २०१७ मध्ये ते वापरण्याचा परवाना विलिसच्या बाजूला गेला आणि वर्षानुवर्षं त्याच पोशाखात दौरे करणाऱ्या बाकीच्यांना ते नाव सोडावं लागलं. तुमच्या करारात नावाचं कलम आहे का बघ. असलं तर ते आणि गीतकारांच्या रकान्याचं पान, नावं झाकून, इथे टाक. आणि सही करायची वेळ आलीच, तर मैत्रिणीचा आणि तुझा करार वेगवेगळ्या कागदांवर मागून घे. निर्मात्याने कारण विचारलं तर वकिलाने सांगितलंय म्हण.