फसलेल्या चित्रपटातली दहा मिनिटे

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. चतुर्थीला घरी जमलेल्या आम्हा भावंडांनी मुलांच्या हट्टाखातर १९९४ सालचा ‘स्ट्रीट फायटर’ पाहिला. चित्रपट अगदीच सुमार आहे, याबद्दल घरात दुमत नव्हते. मात्र खलनायकाचे काम करणाऱ्या नटाचा एक प्रसंग सुरू झाला आणि गप्पा मारणारी सगळी मंडळी गप्प झाली. इतक्या वाईट चित्रपटात इतका चांगला प्रसंग येतो कसा? आणि त्या एका प्रसंगासाठी चित्रपटाला बरा म्हणावे काय? — एक वाचिका, मडगाव

उत्तर : तुम्ही कोणत्या प्रसंगाविषयी लिहीत आहात, ते माझ्या लगेच ध्यानात आले, कारण हा चित्रपट पाहिलेल्या बहुतेकांच्या स्मरणात तेवढेच राहिलेले असते. वीस वर्षांपूर्वी बायसन या हुकूमशहाने जिच्या वडिलांचा जीव घेतला, ती चुन-ली त्याच्यासमोर उभी राहून त्या दिवसाची हकिगत सांगते. बायसन ती शांतपणे ऐकून घेतो आणि आपल्याला यातले काहीच आठवत नाही, असे म्हणतो. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस असेल, त्याच्या लेखी मात्र तो एक मंगळवार होता. सत्ताधीशाच्या क्रूरपणाचे यापेक्षा नेमके वर्णन मी अनेक गंभीर चित्रपटांतही पाहिलेले नाही. त्याला तिचा द्वेष वाटत नाही, पश्चात्तापही होत नाही, तिचा बाप त्याच्या स्मरणातच नाही.

ही भूमिका करणारे राउल ज्युलिया मूळचे पोर्तो रिकोचे. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्यांनी शेक्सपिअरच्या नाटकांतून नाव मिळवले होते. या चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी त्यांना पोटाचा कर्करोग होता आणि चेहऱ्याचा ओढलेपणा पडद्यावरही लपत नाही. आपल्या मुलांना आवडेल म्हणून त्यांनी हे काम स्वीकारले होते. ऑक्टोबर १९९४ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि चित्रपट डिसेंबरमध्ये प्रदर्शित झाला. व्हिडिओ गेमवर बेतलेल्या या चित्रपटात त्यांच्याभोवतीचे बहुतेक नट वेळ मारून नेताना दिसतात. ज्युलिया यांनी मात्र त्या संवादाला शेक्सपिअरच्या संवादाइतकाच मान दिला. आवाजाची चढउतार, विराम, मान किंचित कलती करून ऐकण्याची ढब, यांपैकी कशातही ‘हे काम माझ्या योग्यतेचे नाही’ असा भाव नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे की, चित्रपट बिघडत असतानाही त्यातल्या कुणा एकाने आपले काम बिघडू दिलेले नसते.

आपल्याकडच्या देवळांच्या उत्सवांत हौशी मंडळींची संगीत नाटके पाहत वाढलेल्यांना हे समजायला जड जाऊ नये. माझ्या लहानपणी फोंडा तालुक्यातल्या एका उत्सवात पाहिलेला प्रयोग मी अजून विसरलेले नाही. नायकापेक्षा प्रॉम्प्टरचा आवाज मोठा होता, दुसऱ्या अंकातला पडदा अर्ध्यावर अडकला होता आणि पहाटेचे तीन वाजले तरी कथानक पुढे सरकत नव्हते. मग एका दुय्यम पात्राने, जो एरवी गावात शिवणकाम करीत असे, एक पद म्हटले. मांडवात आडवी झालेली माणसे उठून बसली आणि त्याला तीनदा वन्स मोअर मिळाला. दुसऱ्या दिवशी गावात ‘नाटक पडले’ आणि ‘पद काय रंगले!’ ही दोन्ही वाक्ये एकाच दमात बोलली जात होती, आणि त्यांत विसंगती आहे असे कुणालाही वाटत नव्हते. तुम्हीही तसेच बोलावे. चित्रपटाला बरा म्हणायची गरज नाही. पद रंगले म्हणून नाटक चांगले ठरत नाही, आणि नाटक पडले म्हणून पदाची दाद कुणी राखून ठेवू नये.

प्रश्न : अशा फसलेल्या चित्रपटांतले लक्षात राहणारे भाग बहुधा गाणी किंवा मारामाऱ्या असतात, असे माझे निरीक्षण आहे. संवादांचे प्रसंग क्वचितच असे तगतात. यामागे काही कारण असावे काय? — एक निवृत्त शिक्षक, फोंडा

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे, सर, आणि त्याचे कारण चित्रपट कसा तयार होतो यात दडलेले आहे. आपल्या हिंदी चित्रपटाचेच पाहा. गाणे बहुधा चित्रीकरणाच्या आधी ध्वनिमुद्रित होते, गीतकार, संगीतकार आणि गायक यांची मंडळी पटकथाकारापेक्षा वेगळी असते, पडद्यावर ते बसवतो नृत्यदिग्दर्शक, आणि त्याचे चित्रीकरणही पुष्कळदा वेगळ्या वेळापत्रकात होते. मारामारीचा दिग्दर्शकही असाच स्वतंत्र. म्हणजे पटकथेला लागलेली वाळवी या भागांपर्यंत पोहोचायला वाटच फारशी नसते. संवादांचा प्रसंग मात्र पटकथेच्याच लाकडाचा असतो. ती पोकळ असेल, तर नटाला ज्युलिया यांच्याएवढे बळ लावावे लागते.

या मुद्द्यावर गोव्याच्या माणसाने थोडे थांबायला हवे. विसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईच्या चित्रपटसंगीतात जे वाद्यवृंद उभे राहिले, त्यांत गोमंतकीय वादकांचा आणि संयोजकांचा वाटा फार मोठा होता. गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. मुंबईत चाल बांधणाऱ्या अनेक संगीतकारांना ती लिपी लिहिता येत नव्हती, म्हणून व्हायोलिनच्या पन्नास वादकांनी काय वाजवायचे, ट्रम्पेट कुठे उठायचा आणि चेलो कुठे मागे सरायचा, हे कागदावर उतरवण्याचे काम आपल्या माणसांकडे आले. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचे संयोजन सेबास्टियन डिसोझा यांनी वर्षानुवर्षे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे गुरू, आणि ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातल्या गाण्यात शिष्याने त्यांचेच नाव गुंफले आहे. ज्या चित्रपटांचे कथानक आज कुणाला सांगता येणार नाही, अशा कितीतरी चित्रपटांच्या गाण्यांचे सुरुवातीचे व्हायोलिन मात्र आपण नुसत्या दोन स्वरांवरून ओळखतो. चित्रपट बरा आहे की वाईट, हे या वादकांना ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ठाऊकही नसे. समोरच्या कागदावरचे स्वर अचूक वाजवणे एवढेच त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले. श्रेयनामावलीत त्यांची नावे फार थोड्या वेळा आली, याची मला आजही खंत वाटते.

अलीकडचे उदाहरण द्यायचे, तर ‘कलंक’ (२०१९) हा चित्रपट मला लांबलेला आणि निर्जीव वाटला. त्यातले ‘घर मोरे परदेसिया’ हे गाणे मात्र मी पुन्हा पुन्हा पाहते. श्रेया घोषाल यांच्या जोडीने आपल्या वैशाली माडे गायल्या आहेत. आलिया भट्ट यांचे नृत्य आणि माधुरी दीक्षित यांचा बसल्या जागेवरचा अभिनय, यांतून दोन स्त्रियांमध्ये जे काही घडते, ते पुढच्या दोन तासांत पटकथेला पुन्हा साधलेले नाही.

मारामारीचे उदाहरण परदेशातले देते. १९९९ चा ‘द फँटम मेनेस’ हा स्टार वॉर्स मालिकेतला चित्रपट व्यापारी करांच्या वादावर बेतलेला आहे आणि त्यातले संवाद इतके ताठर आहेत, की लिअम नीसन यांच्यासारखा नटही त्यांत अवघडलेला दिसतो. शेवटचे द्वंद्व सुरू होते आणि बोलणे थांबते. जॉन विल्यम्स यांनी तिथे वाद्यवृंदाला समूहगायनाची जोड दिली आहे आणि तो वृंद गातो संस्कृतात. वेल्श भाषेतल्या एका प्राचीन काव्याच्या ओळींचे ते संस्कृत रूप आहे, आणि अर्थापेक्षा नादाला महत्त्व देऊन अक्षरे स्वरांत बसवलेली आहेत. संस्कृत जाणणाऱ्याला अर्थ लागणार नाही, पण अंगावर काटा येतो. द्वंद्वाच्या मधोमध लाल किरणांच्या भिंती अचानक बंद होतात आणि दोन लढवय्ये हातभर अंतरावर अडकतात. खलनायक पिंजऱ्यातल्या वाघासारख्या येरझाऱ्या घालतो. वयस्क योद्धा गुडघे टेकून डोळे मिटून घेतो. त्याचा तरुण शिष्य बऱ्याच मागे अडकलेला असतो, तो अधीर होऊन भिंत उघडण्याची वाट पाहतो. तिघांचे स्वभाव एका शब्दाशिवाय कळतात. खलनायक झालेले रे पार्क हे युद्धकलेतले जाणकार. त्यांच्या वाट्याला जी दोन-चार वाक्ये आली, तीही दुसऱ्याच्या आवाजात आहेत. तरीही त्या चित्रपटातले सर्वांत जिवंत पात्र तेच ठरले.

प्रश्न : वाईट चित्रपटांतल्या उत्तम प्रसंगांची यादी मी करीत आहे. तीत ‘कागज़ के फूल’मधला प्रकाशझोताचा प्रसंग आणि ‘दिल से’मधले आगगाडीवरचे गाणे घेतले आहे. आणखी काही सुचवाल काय? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पणजी

उत्तर : सुचवण्याआधी यादीतली ही दोन्ही नावे वगळावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. चित्रपट पडणे आणि चित्रपट वाईट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कागज़ के फूल’ (१९५९) तिकीटखिडकीवर आपटला आणि त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव पुन्हा लावले नाही. ‘दिल से’ (१९९८) आपल्याकडे चालला नाही, तरी परदेशात त्याला चांगला प्रेक्षक मिळाला. त्यांच्यात उणिवा आहेत, पण त्या महत्त्वाकांक्षेच्या उणिवा आहेत. तुमच्या यादीसाठी १९९१ चा ‘रॉबिन हूड : प्रिन्स ऑफ थीव्ह्ज’ पाहा. केव्हिन कॉस्टनर यांचा नायक थंड आहे, आणि शेरीफ झालेले अ‍ॅलन रिकमन प्रत्येक प्रसंग त्याच्या हातून काढून घेतात. त्या भूमिकेसाठी रिकमन यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला.

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा चित्रपट पाहतच नाही. मोबाइलवर गाजलेले प्रसंग तेवढे पाहतो आणि ‘बाबा, बाकीचा सगळा भरणाच असतो,’ असे मला सुनावतो. आमच्या वेळी म्हापशाच्या अलंकारमध्ये तिकीट काढले, की चित्रपट कसाही असो, आम्ही शेवटपर्यंत बसायचो. त्याचे काही नुकसान होत आहे, की मीच उगाच काळजी करतो? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : तुमचा मुलगा अर्धा बरोबर आहे, आणि कुठल्या अर्ध्यात बरोबर आहे ते त्याला दाखवून देता येईल.

वर उल्लेखलेले ‘फँटम मेनेस’मधले द्वंद्व त्याने मोबाइलवर बहुधा सलग पाहिले असेल. चित्रपटात ते सलग नाही. दिग्दर्शक मध्येच राजवाड्यातली चकमक दाखवतो, मध्येच मैदानावरची लढाई, मध्येच अवकाशात भरकटलेला लहान मुलगा, आणि प्रत्येक वेळी ताण सैल पडतो. कुणा रसिकाने हे तुकडे जोडून द्वंद्व एकसंध केले, तेव्हा एका अर्थी त्याने संकलकाची चूक दुरुस्त केली. वाईट चित्रपटातला चांगला प्रसंग असा बाहेर काढल्याने उजळतो. त्याला चित्रपटाकडून काही घ्यायचेच नसते, म्हणून तर तो तगलेला असतो. ‘स्ट्रीट फायटर’मधला मंगळवारचा प्रसंग कळायला आधीचा तासभर पाहावा लागत नाही.

चांगल्या चित्रपटातल्या प्रसंगाचे नेमके उलटे आहे. ‘कागज़ के फूल’मध्ये रिकाम्या स्टुडिओत वरून तिरपा प्रकाशाचा खांब उतरतो, छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांवरून सूर्यप्रकाश परावर्तित करून तो मिळवला होता, आणि त्या प्रकाशात दोन माणसे, चित्रपटाचा नायक असलेला दिग्दर्शक आणि त्याची नटी, एकमेकांपासून दूर उभी राहतात. गीता दत्त यांचा आवाज सुरू होतो. नुसता तुकडा पाहिला, तरी डोळ्यांचे पारणे फिटते. पण ही दोघे एकमेकांकडे पाऊल का टाकत नाहीत, त्याच्या घरी काय मोडले आहे, हाच स्टुडिओ पुढे त्याच्याशी कसा वागणार आहे, हे त्या तुकड्यात नाही. चित्रपटाच्या अखेरीस म्हातारा झालेला तो दिग्दर्शक स्टुडिओत परत येतो, तेव्हा पाहणाऱ्याला तो प्रकाश पुन्हा आठवतो. मोबाइलवर चार मिनिटे पाहिलेल्याला त्यातले काहीही मिळणार नाही.

अलंकारमधल्या तुमच्या बैठकीविषयीही लिहायला हवे, कारण तिथे तुमचा मुलगा काहीतरी गमावतो आहे हे निश्चित. कंटाळवाण्या दीड तासानंतर अकस्मात एक उत्तम प्रसंग समोर आला, की सगळे थिएटर एकदम ताठ होऊन बसते. तो आनंद शोधून मिळत नाही. जो प्रसंग गाजलेला म्हणूनच समोर येतो, तो कुणीतरी आधी निवडून दिलेला असतो. तुम्ही स्वतः, कुणी न सांगता, तो ओळखलेला नसतो. वाईट चित्रपट पूर्ण पाहण्याचा एवढाच पण खरा लाभ आहे, आणि तो रोज घ्यावा इतका स्वस्त नाही, हेही मान्य करते.

तेव्हा त्याला उपदेश करू नका. एखाद्या रविवारी ‘कागज़ के फूल’मधले ते गाणे त्याच्या मोबाइलवर त्यालाच लावायला सांगा आणि काय दिसले ते विचारा. मग संध्याकाळी दोघे मिळून पूर्ण चित्रपट पाहा, मध्ये न थांबता, आणि गाणे आले की त्याच्याकडे पाहू नका. काय झाले ते मला अवश्य कळवा. पुढच्या अंकात या पत्राला जागा राखून ठेवते.